माझ्या गीताची निरवानिरव

मी मोर्दकाय पुग, वय एकाहत्तर, राहणार कुम-ग्लास, बेथानिया चॅपलचा पाळक, हे राजीखुशीने लिहून ठेवतो. पाय गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा निर्वाळा दिला. माझ्या पत्नीचे मत त्यांनी विचारले नाही.

१. घर, गाय आणि मागचा जळणाचा ढीग पत्नी मारेड हिला.

२. खोगीर चॅपलला. त्यावर बसून चाळीस वर्षे डोंगरापलीकडे प्रवचने करीत हिंडलो. उजवा पट्टा सुटतो, नव्या पाळकाने जपावे.

३. खिशातले घड्याळ चॅपलचा कारभार बघणारे डीकन रीस वॉटकिन यांना. माझ्या प्रत्येक प्रवचनात ते स्वतःचे काढून बघत. आता दोन बघावीत.

४. लेक गेली तरी देवाचा निर्णय मान्य आहे, असे सांगणारे माझे गीत. याचे काय करावे ते मला कळत नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक मयताला ते गातात, शेवटचे कडवे तीन-तीनदा आळवतात. आमची चार वर्षांची एलिन गेल्यावर ते मला सुचले, असे लोक समजतात. तसे नाही. ती वर तापाने फणफणली होती आणि मी खाली लिहीत बसलो होतो. मारेडने जिन्यावरून हाक मारली, "अहो, वर या. पोरगी बाबा-बाबा करतेय."

"आलोच. एवढं कडवं होऊ दे."

कडवे चांगले झाले, तेच शेवटचे. वर गेलो तेव्हा एलिन गेली होती. तिचे मरण मी ती जिवंत असतानाच मान्य करून टाकले होते. त्याला अडतीस वर्षे झाली. ते गीत सुरू झाले की मारेड ओठ मिटून उभी राहते.

माझ्या मयताला तरी ते नको, म्हणून चॅपलचे गायन चालवणाऱ्या ह्यू परीला बोलावून विनवले. तो म्हणाला, "पाळकसाहेब, मी नाही सुरू केलं तर मागच्या बाकावरच्या बाया करतील. तुम्ही तर शवपेटीत असाल, थांबवणार कोण?" घर देता येते, लोकांच्या तोंडातले गीत परत मागता येत नाही. वकिलालाही विचारून झाले.

काल मारेडलाच म्हटले, "मी काय करू, तूच सांग."

तिने माझे पांघरूण सारखे केले. "गाऊ देत त्यांना. त्यांचीही माणसं गेलीत. मी मात्र तेव्हाही तोंड उघडणार नाही."

५. शेवटच्या कडव्याला कोणीही तिच्याकडे वळून बघू नये.

सही : मोर्दकाय पुग
आमच्या समोर सही झाली : ह्यू परी (चांभार), आयझॅक मोस्टिन (डॉक्टर)
कुम-ग्लास, ६ मार्च १८६१