अण्णांचा नाण्यांचा फोन

बारक्या,

फोन कंपनीचा तो साहेब बेजबाबदार आहे. अण्णांच्या घरी जाऊन न बघताच त्याने तुला ठोकून दिलं, "लाइन चोख आहे, पलीकडचा माणूसच बोलत नसेल." आणि तूही धरून बसलास, की तुमच्या भांडणाचा राग म्हणून अण्णा फोन करून मुद्दाम गप्प राहतात.

अरे, ते बोलत होते. तू दुरुस्त करून त्यांना पाठवलेला तो जुना नाण्यांचा फोन मी काल त्यांच्याकडे जाऊन उघडला. नाणं पडल्याशिवाय त्यातून आवाज पलीकडे जात नाही, आणि आवाज अडवणारी ती आतली कळ तू तशीच ठेवलीस. अण्णा म्हणाले, "स्वतःच्या घरातून पोराशी बोलायला नाणं टाकू होय? मी काय बसस्टँडवर उभा आहे?"

मी दोन वायरी जोडून कळ बाद केली आणि अण्णांना माझ्या मोबाइलवर फोन लावायला सांगून जिन्यात थांबले. त्यांचा शब्द न शब्द ऐकू आला. सुटले बाई एकदाची.

मी कामावर निघालेय. जेवण झाकून ठेवलंय. रात्री ते तुला फोन लावणार आहेत. उचलून बोलणार आहेस की नाही? ताईला उत्तर हवंय, याच कागदावर.