मळवलीतून सेकंड मेट

१ सप्टेंबर १९३६, मंगळवार. मळवली.
मालबोटीवर चार वर्षं अप्रेंटिस होतो. आता सेकंड मेटची, म्हणजे बोटीवरच्या दुय्यम अधिकाऱ्याची, परीक्षा. ५ ऑक्टोबर, मुंबई. लेखी पेपर सुटलेत. राहिली फक्त तोंडी, सीमनशिपची, म्हणजे बोट सांभाळण्याची. म्हणजे काहीच राहिलं नाही. टक्कर टाळायचे एकतीस नियम इंग्रजीत शब्द न् शब्द पाठ हवेत. रोज एक. पास झालो की कराचीच्या बोटीवर ऑफिसर. दर पंधरवड्याला घरी. डिसेंबरात बायको, हुस्नबानो, बाळंत होईल, तेव्हा मी जवळ असेन. नापास झालं तर म्हणे सहा महिने पुन्हा दर्यावर. तो कायदा इतरांसाठी.

३ सप्टेंबर.
नियम सुरू केले नाहीत. आधी टाइमटेबल केलं. दोन शायांत. फार देखणं झालंय.

८ सप्टेंबर.
अल्लाउद्दीनचाचा आले. तीस वर्षं बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. आता कोंबड्या पाळतात. म्हणाले, "रोज सांच्याला ये, शिकवतो." त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. अदबीनं नको म्हटलं. जाता जाता विचारतात, "मानूस पान्यात पडला. काय करशील?" मी सुरुवात केली, की प्रथम तो कोणत्या बाजूस पडला हे निश्चित करून, वाऱ्याची दिशा लक्षात घेऊन...
चाचा म्हणाले, "बुडाला त्यो."
अडाण्यांशी चर्चा करू नये.

१५ सप्टेंबर.
आज प्रॅक्टिकल. शेजारच्या कोंडाजीभाऊंची म्हैस मी स्वतः बांधली, बोलाइन गाठीनं. जगातली सर्वांत भरवशाची गाठ. दुपारी म्हैस त्यांच्याच भातात. भाऊ लय बोलले. गाठ बरोबर होती. म्हैस चुकीच्या बाजूनं ओढत होती.

२१ सप्टेंबर.
हुस्नबानो म्हणते, चाचांकडं जावा की. सांगितलं, परीक्षा इंग्रजीत असते. तर म्हणे, "दर्याबी इंग्रजीत हाय व्हय?" असल्या वातावरणात अभ्यास होत नाही. पुस्तक मिटलं.

२९ सप्टेंबर, सकाळी ६.
चार नियम झाले. राहिले सत्तावीस, दिवस सहा. रोज साडेचार. निव्वळ अंकगणित.

त्याच दिवशी, दुपारी ४.
झोप लागली. झोपेत मेंदू उजळणी करतो, असं कुठंसं वाचलंय.

४ ऑक्टोबर.
शेवटी चाचांकडे गेलो, केवळ त्यांचं मन राखायला. ते लोणावळ्याला बाजारात गेले होते. वाट पाहिली नाही. माझ्याकडून मी गेलो होतो.

५ ऑक्टोबर. मुंबई.
परीक्षकानं नियम विचारलेच नाहीत! पहिले चार तोंडपाठ होते. तो म्हणाला, बोट बंदरात नांगरून उभी आहे, वादळ सुटलंय, नांगर धरत नाही, बोट खडकाकडे ओढली जातेय. पहाऱ्यावर तू. काय करशील?
म्हटलं, कप्तानाला बोलावीन.
कप्तान गावात गेलाय.
मग चीफ मेटला.
तोही त्याच्याबरोबर.
मी विचारलं, साहेब, अशा बोटीवर मला नेमलं कोणी?
त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाला, बोट खडकावर आहे, तू जाऊ शकतोस. सहा महिने.

६ ऑक्टोबर.
परीक्षक खडूस होता, हे गाडीतच ठरवलं होतं. घरी तेच सांगितलं. चाचा आले, ऐकलं. म्हणाले, "दुसरा नांगर टाकायचा, साखळी सोडायची, इंजिनाला हाळी द्यायची. येवढंच व्हतं रं." चहा न पिताच गेले.

१९ ऑक्टोबर.
उद्या निघतो. ऑफिसर नाही, सुकाणी म्हणून. एप्रिलअखेर सुटका. ट्रंक हुस्नबानोनं भरली. मला भरू दिली नाही. मग तिनं विचारलं, "बाळ झाल्याचं कुटल्या बंदरात कळवायचं?"
बोट कुठं जाणार, हे मी कंपनीत विचारलंच नव्हतं. काहीतरी सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा.
म्हटलं, माहीत नाही.
ती तव्याकडे वळली.