झाडून ठेवलेल्या मोहाखाली

बाबा, आधी ओळख सांगते, नाहीतर तू तिथंही कपाळाला हात लावून बसशील. मी तुझी मधली. थोरलीचं नाव घेऊन जिला तू हाक मारायचास, ती. घरातल्या बैलांची नावं तुला तुझ्या आज्याच्या काळापासून पाठ होती, कोणता कुठल्या बाजारातून आणला तेसुद्धा. पोरी मात्र तीन असून सगळ्या थोरल्याच. कानावर विडी ठेवून घरभर विडी शोधणारा माणूस तू, मेल्यावर सुधारला असशील असं मला वाटत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. लिहून घेते आहे ती माझी नातसून. मला अक्षर येत नाही हे तरी तुला आठवत असेल, कारण शाळेऐवजी बकऱ्यांमागं तूच धाडलंस. मी 'मले' म्हटलं की ही 'मला' लिहिते. लिहू दे बापडीला. तिच्या नवऱ्याची गोष्ट आहे, तिला ती थोडी नीटनेटकी हवी.

तिचा नवरा म्हणजे माझा नातू. तू गेलास तेव्हा त्याचा बापही जन्मला नव्हता. हा फौजेत भरती झाला, देशभर फिरला, बर्फ पाहिला, समुद्र पाहिला, आणि शेवटी त्याला पाठवलं ते आपल्याच जंगलात, घरापासून एका दिवसाच्या वाटेवर. तिथल्या एका पायवाटेत सुरुंग पुरला होता. उजवा पाय गुडघ्याखालून गेला. नव्या पायानं तो घरी आला तेव्हा गावानं हार घातले, भाषणं केली, आणि आठवडाभरात सगळे आपापल्या धानाकडे परतले. यानं आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल? शेणानं सारवलेलं माझं अंगण उकरलं आणि त्यावर सिमेंट ओतलं. तेव्हापासून हा माणूस मातीवर पाय ठेवत नाही. डांबर चालतं, फरशी चालते, सिमेंट चालतं. माती दिसली की थांबतो. स्वतःच्या शेताचा बांध त्यानं पाहिलेला नाही. रस्त्यावर गाडी उभी करून लांबून धान बघतो, परक्याचं बघावं तसा. आणि स्वतःपुरतं असतं तर मी बोलले नसते. सहा वर्षांची लेक आहे त्याची, तिलाही तो मातीत उतरू देत नाही. शाळेच्या पायरीपर्यंत गाडीवर, पायरीवरून परत गाडीवर. खेळायच्या सुट्टीत पोरगी पायरीवर बसून दुसऱ्यांचं खेळणं पाहते. मागच्या होळीला नातसून मला म्हणाली, "आजी, मी पोरीले घेऊन गोंडपिपरीले जातो माहेरी. तिथं अंगण तरी मातीचं हाये." हे लिहू का नको म्हणून आता थांबली आहे. लिही गं. मेलेला माणूस कोणाला सांगणार आहे?

मी काय केलं म्हणशील, तर टोमणे मारले. दुसरं मला येतं काय? "माह्या बापाले अस्वलानं फाडलं होतं," मी त्याला म्हणायची, "डोळा गेला, अर्धं तोंड गेलं, तरी पुढच्या मोहाच्या हंगामाले तो त्याच झाडाखाली उभा होता. अन् तू? तू सिमेंटचा नवरा." तो फरशीवर काठी टेकत आत जायचा.

मग एक पाहुणा आला, हातात रंगीत कागद, तोंडात गोड पाणी. जखमी जवानांसाठी शिबिर आहे म्हणे, मूल गावाच्या पलीकडे, जंगलाच्या काठावर, सोबत परिवारही चालेल. कशाचं शिबिर? तर जंगलात फिरायचं, झाडांजवळ बसायचं, त्यानं मनाची जखम भरते. बाबा, मी हसले ना, तर माझा कवळीचा दात हलला. ज्याचा पाय जंगलानं खाल्ला त्याला हवापालटासाठी जंगलात न्यायचं! उद्या बुडालेल्या माणसाला विहिरीत पोहायला शिकवतील. पण नातसुनेनं हो म्हटलं, आणि नातू नाही म्हणाला नाही, कारण कागदावरच्या चित्रात सगळ्या वाटा सिमेंटच्या होत्या. मी आपली बळंच गाडीत बसले. असा तमाशा कोण सोडणार?

काय सांगू तुला तिथलं. सिमेंटच्या खोल्या, त्यांना वरून शेणामातीचा रंग फासलेला, भिंतीवर रांगोळीसारखी चित्रं, छपरावर गवत, गवताखाली पत्रा. आत थंड हवेची मशीन. आमच्याकडे खरी मातीची घरं पाडून लोक सिमेंटची बांधतात, आणि हे सिमेंटला मातीचं सोंग देऊन त्यात झोपायला माणसं बोलावतात. नातू मात्र खूश, पायाखाली सगळीकडे पक्कं. जेवणाला "वनथाळी" म्हणून काहीतरी, त्यात मीठ नाही, तिखट नाही. सहा-सात कुटुंबं होती. कोणाचा हात नाही, कोणाच्या कानाला ऐकू येत नाही, एक जण तर धडधाकट दिसायचा पण दार आपटलं की खाटेखाली जायचा. त्यांना मी हसत नाही. मी हसते ती शिबिर घेणाऱ्या त्या शिट्टीवाल्या पोरीला. पुण्याकडची असावी. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि तोंडानं सतत "श्वास घ्या, श्वास सोडा." मी म्हटलं, "बाई, पंचाहत्तर वर्षं तेच करून राह्यली मी, कोणी सांगितलं नव्हतं तरी." ती हसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही किती क्यूट आहात." क्यूट म्हणजे काय ते मी नातसुनेला विचारलं. कळल्यावर वाटलं, विचारायलाच नको होतं. संध्याकाळी तिनं सगळ्यांना एकेका झाडाला मिठी मारायला लावली. त्या झाडाला लाल मुंग्यांची घरटी होती. मी बोलले नाही. माझा नातू व्हरांड्यातच बसून राहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची अक्कल शाबूत वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टोपल्या वाटल्या. मोहफुलं वेचायची म्हणे, जंगलाशी नातं जोडायला. कुंपणाच्या पलीकडे एक थोराड मोह होता आणि ती आनंदानं ओरडली, "बघा, इथे खाली किती स्वच्छ आहे!" बाबा, तू असतास तर तिथंच कपाळ बडवून घेतलं असतंस. मोहाखालची जागा आपोआप स्वच्छ होते का कधी? पानगळ झाली की कोणीतरी ती झाडतं, पाचोळा जाळतं, फूल पडलं की दिसावं म्हणून. झाडलेली जागा म्हणजे तिथं माणसाचं नाव लिहिलेलं, मला अक्षर येत नसलं तरी तेवढं वाचता येतं. ज्यानं झाडलं त्याचा मोह, त्या हंगामात दुसरा कोणी बोट लावत नाही. मी पाहिलं आणि गप्प बसले. मजा येणार होती.

पणतीला मी कडेवर घेतलं होतं, बापाचा हुकूमच तसा. झाडाखाली गेल्यावर मी म्हटलं, "माही कंबर गेली," आणि तिला खाली ठेवली. कंबरेला काही झालं नव्हतं. मागून व्हरांड्याच्या पायरीवरून तो ओरडला, "आजी! उचल तिले!" फौजेतला आवाज तो, मोहावरचे पोपट उडाले. मला ऐकूच आलं नाही. पोरगी आधी एका पायावर उभी राहिली. मग दुसरा टेकवला. मग बसली आणि दोन्ही मुठींनी फुलं गोळा करायला लागली, जशी काही जन्मल्यापासून तेच काम आहे.

तेवढ्यात ती आली, ती जागा झाडणारी. लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर टोपली, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, पण जीभ माझ्याच जातीची. "काऊन वो? कोणाचं झाड हाये हे? झाडून ठेवाचं आमी अन् वेचाचं तुमी?"

शिट्टीवाली पुढं झाली. "मावशी, आम्ही फक्त अनुभव घेतोय. निसर्ग सगळ्यांचाच असतो ना?"

"निसर्ग ने ना मंग, पायजे तेवढा ने. मोह माहा हाये, तो ठेव."

सगळ्यांनी टोपल्या खाली ठेवल्या. पणतीनं मुठी सोडल्या नाहीत. त्या बाईनं तिचं मनगट धरलं, जोरात नाही, पण पोरगी अशी किंचाळली की जणू वाघानं धरलं. मी पुढं होणार तोच मागं पाचोळा वाजला. मोहाखालची जागा झाडलेली, पण कुंपणापासून मोहापर्यंत सगळा वाळला पाचोळा, घोट्याइतका. खाली काय आहे ते दिसू नये असाच. त्या पाचोळ्यातून तो येत होता. काठी पायरीवरच राहिली होती. मी वळून पाहिलं नाही. नातसुनेनं पाहिलं, तिला विचार. ती आता डोळे पुसते आहे, तेव्हा तूच काय ते समज.

"बाई, पोरीचा हात सोड," तो म्हणाला.

"पोरीले सांग आधी, मूठ सोड."

मग तिची नजर खाली गेली. अर्ध्या पँटीखाली त्याचा लोखंडी पाय. शिट्टीवालीनं तोंडावर हात ठेवला, तिला वाटलं, आता ही गावची बाई रडेल, पाया पडेल. ती बाई म्हणाली, "पाय गेला म्हून मोह फुकट भेटते का?"

आणि बाबा, तो हसला. दवाखान्यातून आल्यापासून मी त्याचे दात पाहिले नव्हते. ती म्हणाली, "हसून नको राहू. माह्या मोहाची नासाडी केली तुमी, आता उन्हं चढाच्या आत वेचून दे." तो तिथंच जमिनीवर बसला, नवा पाय सोडवून बाजूला ठेवला, आणि लेकीला शेजारी घेऊन वेचत राहिला. शिट्टीवालीनं लगेच फोन काढून फोटो घेतला. तिला वाटलं, तिच्या श्वासानं झालं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. तिच्या नोकरीचं भलं होवो.

टोपली भरली, ती बाई आपलं घर कुठं ते सांगून गेली, आणि मग खरी गंमत. परत फिरायचं तर तोच पाचोळा. आला तेव्हा रागात होता. आता राग नव्हता. नवा पाय परत चढवून झाडलेल्या जागेच्या काठावर तो उभा राहिला आणि पाऊल निघेना. कपाळावर घाम. जीभ ओठांवरून फिरत होती, शब्द नाही. ते तोंड मी आधी पाहिलं होतं, बाबा. तुझं. कुरखेड्याकडच्या त्या नाल्यापाशी, अस्वलानंतरच्या पहिल्या मोहाच्या वेळी. घरात कण्या संपल्या होत्या, माय तुला म्हणाली होती, "डोळा गेला, पोट हाये ना जागेवर?" आणि तू मला बरोबर घेऊन निघालास. नाल्यापाशी तू थांबलास, ओठ चाटलेस आणि मला म्हणालास, "पुढं हो. गाणं म्हण, जोरात." मी पुढं झाले. केवढा मान वाटला मला! थोरलीला नाही, मला पुढं चालवतो. उभं आयुष्य मी ते मिरवलं. परवा त्या पाचोळ्याच्या काठावर मला कळलं, आवाजानं अस्वल लांब जावं म्हणून तू पोरीला गायला लावलंस, कारण तुझ्या घशातून शब्द फुटत नव्हता. वा रे शूरवीर! आणि या तुझ्या शौर्याचा दाखला मी त्या पोराला टोचत आले. तू मात्र हे सगळं विसरून कानावरची विडी शोधत मजेत मेलास.

मी त्याच्याकडे जाऊन म्हटलं, "माहा बाप पण असाच घाबरला होता. मलेच पुढं धाडलं होतं त्यानं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "अन् तू म्हणत होती का तो..."

"म्हणत होती. खोटं होतं."

तो मग लेकीला म्हणाला, "मागं ये. मी जिथं पाय ठेवतो तिथंच ठेवजो." तुझ्यापेक्षा इतकं त्याचं बरं, बाबा, की त्यानं पोरीला पुढं नाही चालवलं. एकेक पाऊल ठेवत ती दोघं गेली, आधी लोखंडाचं, मग त्याच खुणेवर पोरीचं. शिट्टीवालीनं टाळ्या वाजवायला हात वर केले, तेवढ्यात नातसुनेनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. या घरात आल्यापासून हिनं केलेलं सगळ्यात शहाणं काम ते. हेही लिही, लाजू नको.

घरी आल्यावर सगळं सरळ झालं असं समजू नको. सिमेंट सिमेंटच आहे. काल तो अंगणाच्या कडेवर बसून पोरीला बाहेर मातीत खेळताना बघत होता, हाताच्या मुठी आवळून. पण बघत होता. गोंडपिपरीचं नाव घरात निघालं नाही.

नातसून विचारते, पत्ता काय घालू? तुझा पत्ता तुलाच आठवत नसेल, मी कुठून सांगू? राहू दे कागद तसाच. आणि आता ती हसायला लागली म्हणून आधीच कबूल करते: त्या शिबिरात वाटलेला हिरवा बनियन मी अंगात घातलाय, लुगड्यावरून. त्यावर काय छापलंय ते मी तिला विचारलेलं नाही. सुती आहे, उन्हाळ्यात बरा वाटतो.

आता लिहिणं पुरे गं, ऊठ. त्या मोहवाल्या बाईकडे डबा पाठवायचा आहे. लाखोळीच्या डाळीचे वडे कर, लसूण-मिरची सढळ हातानं घाल, आणि सोबत जवसाची चटणी दे, वेगळ्या वाटीत, नाहीतर वडे मऊ पडतात. डबा तुझ्या नवऱ्याच्या हातात दे आणि पोरीला त्याच्या मागं बसव. तिच्या घरापर्यंत गाडी जात नाही, शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या मातीतून चालत जावं लागतं, हे मात्र त्याला आत्ता सांगू नको.