हार्मोनच्या चाचणीबाबत मी घेतलेली मते

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. पत्रारंभी प्रकृती विचारण्याचा रिवाज आहे. या खेपेस विषयच तुझ्या प्रकृतीचा असल्याने तो पुढे सविस्तर येईल. मी ठीक आहे. (तुझी ताई गेल्यापासून चहा मीच करतो. तो चहा आहे असे मी मानतो.)

स्तनाच्या ज्या कर्करोगाने ताईला नेले तोच तुलाही झाला. तुझा वेळीच सापडला, ऑपरेशनही निभावले. आता उरली ती पाळी गेल्यानंतरची अंगाची तलखी आणि मोडलेली झोप. त्यावर हार्मोनच्या गोळ्या द्याव्यात, की त्यांनी जुना रोग पुन्हा डोके वर काढेल, हे पाहणारी चाचणी निघाली आहे आणि तुला सोमवारी होकार किंवा नकार कळवायचा आहे. "भाऊजी, तुम्ही शिकलेले, जरा डॉक्टरांची मतं घ्या," असे तू म्हणालीस. त्यानुसार मी कोट-टाय घालून, बॅग घेऊन तुझ्या सर्जनसाहेबांकडे गेलो.

नातेवाइकांची बाके भरलेली होती, म्हणून मी भिंतीलगत, माझ्यासारख्याच नीटनेटक्या गृहस्थांच्या रांगेत बसलो. (ते औषध कंपन्यांचे प्रतिनिधी होते, हे मागाहून उमगले.) आत जाऊन चाचणीचे नाव काढताच साहेब उसळले. "पुन्हा आलात? चाचणी व्हायलाच हवी, कोण नाही म्हणतं! पण माझा एकही पेशंट मिळणार नाही. रोग उलटला तर त्या बाईला तोंड मी दाखवायचं, तुम्ही नाही!" मी नम्रपणे खुलासा केला, की मी विधुर आहे. "बरं, मग सँपल ठेवा आणि निघा," ते म्हणाले. नाते सांगितल्यावर मात्र त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवले आणि तेच मत "सध्या थांबावं" एवढ्या दोन शब्दांत आटोपले.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे मी टाय काढून गेलो. त्या म्हणाल्या, "सर्जनना काय जातंय? पंख्याखाली बसून रडणारी बाई माझ्याकडे येते. धोका किती, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, म्हणून तर चाचणी! चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी." आपली बहीण असती तर, असे मी विचारले. बाईंनी पेनाला टोपण लावले. "तिला म्हटलं असतं, तूच ठरव. आणि मग रोज फोन करून तिचं डोकं खाल्लं असतं."

सारांश, चाचणी सर्वांनाच हवी आहे; फक्त ती दुसऱ्याच्या माणसावर व्हावी. सर्व बाजूंचा साकल्याने विचार करता, तू नाव घालू नयेस, असे माझे मत झाले आहे.

तुझा,
भाऊजी

ता.क. वरील मत पुन्हा वाचून पाहिले. त्यास शास्त्रीय आधार आढळला नाही. शिवाय तलखी तुला होते, मला नव्हे.

आणखी ता.क. खरे कारण असे, की मला भाऊजी म्हणणारे आता तुझ्याखेरीज कोणी उरलेले नाही. हे कारण वैद्यकात बसत नाही. ते वजा करून तू सोमवारी ठरवावेस, ही विनंती.

शेवटचा ता.क. सगळे वजा करू नकोस.