मेढीजवळचा बैल

आटगाव, मे महिना

प्रिय मनाली,

तुझा फोन रोज येतो, तरी कागद घेऊन बसले आहे. फोनवर तू विचारतेस, "आई कशी आहे?" मी म्हणते, "बरी आहे," आणि आपलं बोलणं तिथेच उरकतं. आई खरंच बरी आहे. झटक्याने लुळा पडलेला उजवा हात आता खांद्यापर्यंत उचलते, आणि माझ्या भाकरीला नावं ठेवण्याइतकी तिची जीभ सुधारली आहे. परवा तुला मुरबाडच्या नोकरीचं सांगितलं, मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून. तू "अरे वा" म्हणालीस आणि लगेच गोळ्या संपल्या का ते विचारलंस. मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

जयंतीला विहारात तू कृष्णविवरावर जे बोललीस, त्याची चर्चा गावात अजून चालू आहे. विशेषतः चंदरकाकांची. आपल्या लहानपणी मळणीला खळ्याच्या मधोमध मेढ रोवून तिच्याभोवती बैल फिरवायचे, ते आठवून काका भर सभेत उठले. "मंजे खळ्यावानीच ना गो! मेढीजवळ म्हातारा बैल बांधायचा, त्याला कमी चालाया लागतं. पळायचं ते भायेरच्या तरण्यानं." तू म्हणालीस, "नाय काका, तिथं उलटं. विवराच्या जवळचा तारा सगळ्यांत जोरात पळतो. नाय पळाला तर आत पडेल." काका म्हणाले, "मंग तुमच्या आभाळात म्हाताऱ्या बैलाचे हालच म्हनायचे." सगळा विहार हसला. मीही हसले.

पण ते माझ्या डोक्यातून जाईना. आकाशगंगेच्या मध्यावर चाळीस लाख सूर्यांचं वजन आहे आणि ते कुणाला दिसत नाही. जवळचे तारे कसे पळतात त्यावरून ते ओळखायचं. आपला सूर्य इतका लांब की त्या विवराचा ओढा त्याला जाणवतसुद्धा नाही. तू हे सांगत होतीस तेव्हा मी आईच्या खुर्चीमागे बसले होते, आणि मला आपलं घरच दिसायला लागलं. चिडू नकोस. तुझा आईवर जीव आहे हे मला माहीत आहे. पण चादरी बदलणं, अंघोळ घालणं, रिक्षात बसवून शहापूरला व्यायामासाठी नेणं, हे पळणं माझ्या वाट्याला आहे. इतके दिवस मी काकांसारखाच हिशेब करत होते, की आपण घरातच तर असतो, आपल्याला कुठे चालावं लागतं!

विवर कुणाला मुद्दाम गिळत नाही, हेही तूच सांगितलंस. आईही मला धरून ठेवत नाही. उलट रोज म्हणते, "तू जा गो, माझं होईल." तिचं होणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. मी दमले आहे, मनू. हे लिहितानाच मला ते नीट कळतंय.

वसतिगृह सिद्धगडाच्या पायथ्याशी आहे, राहायची खोली तिथेच. मला ती नोकरी हवी आहे, पगारासाठी तर हवीच, पण त्याहून जास्त माझ्यासाठी हवी आहे. तुझी दुर्बीण तशीही परदेशात असते आणि तिचे आकडे तुझ्या लॅपटॉपवर येतात. ते पुण्यात येतात तसे आटगावलाही येतील. तुझ्या सरांशी बोल. जूनपासून निदान वर्षभर तू घरी राहा, मी सुट्टीला येत जाईन आणि फोनवर विचारीन, आई कशी आहे. मी होकार कळवून टाकला आहे. काल आईला सांगितलं. ती म्हणाली, "मनालीला टाइम हाय का पन?" मी म्हटलं, "हाय."

तुझीच, आता थोडी बाहेरच्या फेरीतली,
वंदनाताई