वैरणीच्या खोलीतली बशी

प्रिय शहाणे,

फोनवर बोलायची सोय नाही. फोन तुझे बाबा उचलतात, खोकत खोकत सगळं छान आहे म्हणतात आणि ठेवून देतात. म्हणून हे पत्र, तेही रागातच लिहितेय.

सुट्टीत तू घरातल्या हवेतले जंतू तपासायला त्या काचेच्या बशा मांडल्यास, तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप झालाय. माझ्या स्वयंपाकघरातल्या बशीत हिरवे-काळे ठिपके उगवले आणि वैरणीच्या खोलीतली बशी निघाली लख्ख! तूही चक्रावलीस, पण निकाल तो निकाल. बाबांना आयतंच कोलीत मिळालं. दूध न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, आमच्या गोठ्याची हवा हिच्या स्वयंपाकघरापेक्षा बरी. मी भिंती रंगवून घेतल्या, ओल धरलेलं कपाट बाहेर काढलं, कांद्याचं पोतं अंगणात नेलं. टोमणे काही थांबले नाहीत.

मी इकडे घासतेय आणि ते तिकडे रोज दार लोटून बुरसलेल्या गवताच्या पेंढ्या सोडतायत. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की तुझी बशी पुढे करतात. संध्याकाळी त्यांना कणकण येते. दुधाची बादली ओसरीपर्यंत आणताना मध्येच टेकावं लागतं. डॉक्टरांनी अगदी नीट विचारलं होतं, गवताला बुरशी लागते का म्हणून. तर हे ऐटीत म्हणाले, मुलीने तपासलंय, तसलं काही नाही. डॉक्टरांनी साध्या खोकल्याचं औषध दिलं. आता मी कोणाकोणापुढे डोकं फोडू?

काल दुधाचं पातेलं जरा उघडं राहिलं. बाबांनी त्यावर झाकण ठेवलं आणि मलाच सुनावलं, “मायलेकी सारख्याच. ती बशीसुद्धा उघडीच टाकून गेली होती. सगळी धूळ आत पडत होती, मी लगेच झाकली. ती यायच्या आत झाकण काढून ठेवलं, नाहीतर बिचारी ओशाळली असती.”

म्हणजे ती बशी लख्ख निघाली ती झाकणामुळे! जन्मभर दूध झाकत आलेला माणूस, त्याला काय बोलणार? अहो, तिला ती धूळच हवी होती, असं सांगितलं तर हसले. म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं.

मला भीती वाटते गं. आता नुसतं पडल्या पडल्याही त्यांना धाप लागते. माझं ते ऐकायचे नाहीत, तुझ्या बशीचं मात्र ऐकतील. हे पत्र मिळताच डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांग आणि रजा टाकून ये. त्याच खोलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा बशी मांड. झाकण मात्र तुझ्या पर्समध्येच राहू दे.

तुझीच,
वैतागलेली आई