गाडीची रांग, पायी रांग

मेहिकाली
१२ जून २००६

चि. बाउदेलिओ यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र लिहिते.

पोरीच्या बाप्तिस्म्याचं आमंत्रण पोचलं. बाबांनी ते अख्ख्या गल्लीला दाखवलं, शेजारच्या डोन्या चायोला तर दोनदा, कारण पहिल्या वेळी तिचा चष्मा घरी राहिला होता. राखाडी पँट नवी शिवून घेतली आहे. तीस वर्षं हा माणूस पलीकडच्या शेतांत लेट्यूस कापायला सरहद्दीचं फाटक पायी ओलांडत होता. आता सांगत सुटलेत, की मुलगा स्वतःच्या गाडीतून नेणार, शेजारी बसवून. मी म्हटलं, पायी रांग लवकर सरते, तो पलीकडे घेईल तुम्हाला. तर म्हणाले, पायी गेलो तर मजूर, गाडीतून गेलो तर पाहुणा.

तू रोज कारखान्यात यायला सरहद्द ओलांडतोस आणि आमच्या घरापासून सहा गल्ल्यांवरून जातोस. एकदा वळ इकडे. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत.

यादिराला आणि बाळाला पापे. तुझ्यावर माझा जीव आहे, त्याची तुला अडचण होत असली तरी.
हर्लिंडा


ब्रॉली
२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोमणे पोचले. मी ज्या जलद रांगेतून येतो-जातो, तिथे गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड लागतं. बिनकार्डाचा एक माणूस सापडला तर माझं कार्ड जप्त. मग रोज साध्या रांगेत दोन-तीन तास, म्हणजे नोकरी गेलीच. बाबांचा जुना परवाना चालतो, पण तो पायी रांगेत किंवा साध्या रांगेत.

खरं तर पायीच बरं. त्या फाटकाला त्यांचे पाय ओळखतात. पण तू रडशील, म्हणून साध्या रांगेतून नेतो. शनिवारी, आठ जुलैला, सकाळी सहाला दारात येईन. बाराला चर्च आहे. यादिराचे आईवडील सॅन डिएगोहून येणार आहेत, तेव्हा बाबांना म्हणावं, शेतातल्या गोष्टी सांगत बसू नका.

राग गिळून माया ठेव.
तुझा बाउदेलिओ


मेहिकाली
१३ जुलै

बाउदेलिओ,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

बाबा शनिवारी दुपारी तीनला घरी आले. डोन्या चायो दारात होतीच. तिला म्हणाले, सोहळा थाटाचा झाला, गाडी आतून बर्फाच्या पेटीसारखी गार होती, सुनेच्या वडिलांनी हात हातात घेतला. मीही खरं मानलं. रविवारी पँट धुवायला घेतली तेव्हा कळलं. मग दार लावून विचारलं, तेव्हा बोलले.

तू सहाचा नऊला आलास. गल्लीसमोर दार उघडून त्यांना पुढे बसवलंस. लोकांनी हात हलवले. आणि फाटकाशी नेऊन म्हणालास, "उतरा, तुम्ही पायी या. गाडीला वेळ लागेल. मी पलीकडे थांबतो." मग जलद रांगेतून दहा मिनिटांत पार झालास.

शेचाळीस अंश ऊन होतं. पावणेतीन तास ते उभे होते. मध्ये लघवीला लागली. मागच्या बाईला जागा धरायला सांगितली, ती म्हणाली, रांग सोडली तर शेवटी जावं लागेल. तू वाट बघतोयस म्हणून त्यांनी रांग सोडली नाही. नव्या पँटीत झाली. पुढच्या दोन पोरी नाक धरून हसल्या. खिडकीतल्या शिपायाने कुठे निघालात विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, मुलगा गाडी घेऊन उभा आहे.

तू नव्हतास. तासभर ते कडेच्या दगडावर बसले. तुझा नंबर खिशात होता, समोर फोनही होता. पण तशा पँटीत चर्चला कसं जायचं, म्हणून उठले आणि परत फिरले. इकडे यायला रांग नसते, फिरतं दार ढकललं की झालं.

मी चौकशी केली. त्या सकाळी गाड्यांची साधी रांग तासाभरात सरत होती.

हर्लिंडा


ब्रॉली
१९ जुलै

ताई,
नमस्कार. चाळीस मिनिटं थांबलो होतो. तिथे गाडी उभी करू देत नाहीत. पाद्रीबाबांकडे आणखी दोन बाळं होती, ते कुणासाठी थांबत नाहीत. उशीर झाला तो केक आणायला गेल्याने, मुद्दाम नव्हे.

तीस वर्षं जे केलं ते आणखी एक सकाळ जमेल असं वाटलं. त्यांना लघवी आवरत नाही हे मला कुणी सांगितलं होतं? आणि खरं लिहू? ते त्या अवस्थेत फोटोत नाहीत तेच बरं. सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा आजारी आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी बाबांसाठी प्रार्थनाही म्हटली.

झालं ते पुरे. पुढे लिहायचं असेल तर दुसरं काही लिही.
बाउदेलिओ


मेहिकाली
३० जुलै

चि. बाउदेलिओ, यादिरा आणि बाळ यांना,
बाबांचे पोटभर आशीर्वाद. हर्लिंडाने तुला लिहिलं ते मला कालच कळलं. मी तिला रागावलो. तू मनाला लावून घेऊ नकोस, ऊन सगळ्यांनाच होतं.

तुझ्याकडे एक काम आहे. डोन्या चायो आणि तिच्या बहिणी रोज काही ना काही विचारतात. मी बरंच सांगून बसलो आहे. जेवणात बकऱ्याच्या बिरियाचा रस्सा होता, असं सांगितलं. पण चर्चचं नाव काय, बाळाचे धर्ममातापिता कोण, सासूबाईंनी कोणत्या रंगाचे कपडे घातले होते, हे अडतं. तेवढं सगळं नीट लिहून पाठव. एखादा फोटो असला तर बरा, मी त्यात का नाही विचारलं तर फोटो मीच काढत होतो असं सांगेन.

तू मात्र इतक्यात इकडे वळू नकोस. चायो तुला गाठेल, आणि तुला खोटं नीट बोलता येत नाही, लहानपणापासून.

रविवारच्या आत उत्तर यावं, रविवारी सगळ्या चर्चनंतर अंगणात बसतात. आणि डोक्यावर पाणी घातलं तेव्हा पोरगी रडली का, तेही कळव. मी रडली असं सांगितलं आहे.

तुझा बाप,
नाबोर